मराठीची लाज काढणाऱ्या वाचकास

नमस्कार. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत राबणाऱ्या परप्रांतीय कामगारांची नावं नाशिकच्या मतदारयादीत असावीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही नोकऱ्या, घरभाडी, गोदाघाटावरची छठपूजा असं बरंच काही लिहून शेवटी म्हणालात, 'तुमच्यासारख्यांना मराठीची लाज वाटते.'

मतभेद असू द्या हो. पण ओळखदेख नसताना थेट लाज काढायची?

काढलीच आहे, तर ऐका. मी सिडकोत वाढलो. आईवडील धुळ्याकडचे, वडील अंबडला लेथवर. घरात अहिराणी. शाळेत चुकून 'कथा जाई ऱ्हायना' (कुठे चाललास) तोंडातून गेलं की अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. हसणारे सगळे मराठीच होते. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रोटांचं दळण वेगळं, पुरणाचा घमघमाट, आणि दुसऱ्या दिवशी पाटावरची कानबाई डोक्यावर घेऊन बायका वाजतगाजत विसर्जनाला निघतात. तेव्हा ही कुठली गावंढळ देवी आणली, असं आईला तोंडावर ऐकवलेलं मी ऐकलंय. आज त्याच कानबाईच्या शुभेच्छांचे फलक इच्छुक उमेदवार चौकाचौकांत लावतात. कारण आमची मतं इथं आहेत. मी लेखात एवढंच म्हणत होतो.

आणि भाषा एक असली की माणूस आपला होतो, हे मला सांगू नका. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांचे सत्याग्रही उभे राहिले, तेही मराठीच बोलत होते. दार उघडलं का त्यांच्यासाठी?

बँकेत, रिक्षात मराठी बोललं जावं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. नोकऱ्यांचा जाब कंपनीमालकांना आणि लेबर काँट्रॅक्टरला विचारा, एका खोलीत पाच जण राहणाऱ्या पोरांना नको. छठपूजेवर मी बोलणार नाही. गोदावरी कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. मतदारयादीचं म्हणाल, तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात वय आणि त्या मतदारसंघातला सर्वसाधारण रहिवास पाहतात, मातृभाषा नाही. दिंडोरी-निफाडची द्राक्षं युरोपला गेली की आपली छाती फुगते, मग बिहारचा नागरिक आपल्याच देशातल्या अंबडला आला तर तो परका कसा?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा जरूर लिहा. फक्त दुसऱ्याची लाज काढताना टोपणनाव बाजूला ठेवा आणि स्वतःच्या नावानं लिहा.