गोल काही मिटेना

फळझाडाचं जीवनचक्र हा प्राथमिक शाळेतला सगळ्यात निरुपद्रवी पाठ, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो देवगड तालुक्यात शिकवून दाखवावा. मी मूळची लातूरकडची. तिकडे फळ्यावर गोल काढायचा, बी, रोप, झाड, फूल, फळ आणि पुन्हा बी असे बाण फिरवायचे, पोरं गोल वहीत उतरवून घेतात, तास संपतो. इथं माझ्या तिसरीच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कलमांच्या बागा. आंब्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि हेही त्यांना चांगलं ठाऊक आहे.

तक्त्यावर कोयीपासून निघालेला पहिला बाण हापूसच्या झाडापर्यंत पोचायच्या आत हात वर झाला.

"बाई, कोयीतसून हापूस येणा नाय. रायवळ येता."

पोरगं बरोबर होतं. रायवळ म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा. हापूसची कोय लावली तरी वर हापूस येईल याचा भरवसा नाही. आई हापूस, हे खरं. पण मोहरावर घोंघावणाऱ्या माश्यांनी पराग कुठल्या झाडावरून आणला, हे त्या माश्यांनाच ठाऊक. आता हे तिसरीच्या वर्गात कुठल्या शब्दांत सांगणार? मी म्हटलं, पुढच्या इयत्तेत येईल. (पुढच्या इयत्तेच्या बाईंची क्षमा मागून.)

मग धरणाचा बांध फुटावा तसा वर्ग सुटला. बी फळाच्या आत असते म्हणावं, तर काजूची बी बोंडाच्या खाली उघड्यावर लोंबते. फुलापासून फळ तयार होते म्हणावं, तर एकीच्या परसातली पपई वर्षानुवर्षं नुसती फुलतेय, कारण ती नर आहे आणि आजी रोज तिच्या नावानं बोटं मोडते. केळीला तर बीच नाही. मुनवे काढून लावायचे, एकदा घड आला की झाड तोडायचं. फळ्यावरच्या गोलाला इतके फाटे फुटले की मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणाले, "रस्ते शिकवताय का?"

शेवटी कृतियुक्त अध्यापनाचा आधार घेतला. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घरोघरी कोयींचे ढीग पडलेले असतात. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, माती, शेणखत आणि प्रत्येकाची एकेक कोय. व्हरांड्यात ओळ लावली. भिंतीवर तक्ता: नाव, दिनांक, उंची, पानांची संख्या. पावसानं साथ दिली. कोयी तडकल्या, तांबूस दांडे वर आले, टोकाला तसलीच तांबूस, लुळी पानं लोंबायला लागली. पोरं पट्ट्या घेऊन उकिडवी बसायची. केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला, त्याला अंगठे आले.

सोमवारी येऊन बघते, तर सगळ्या रोपांच्या माना उडवलेल्या.

एका पोराचे काका रविवारी फिरकले होते. पुतण्यानं कौतुकानं रोपं दाखवली आणि काकांना राहवलं नाही. काम मात्र बघण्यासारखं. रायवळाचा दांडा वितीच्या आत कापलेला, मधोमध उभी चीर, तिच्यात हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी साल सालीला भिडवून बसवलेली, वर प्लॅस्टिकची पट्टी इतकी घट्ट की सांधा हाताला लागू नये. काका दुपारी डबा द्यायला आले तेव्हा मी विचारलं, निदान पोरांची मोजमापं तरी होऊ द्यायची होती.

"बाई, दांडो तांबडो आसा तवरच कापूक होयो. हिरवो झालो काय कलम जीव धरणा नाय."

यावर लातूरकडे उत्तर नसतं. काकांच्या खिशात तो चाकू अजूनही होता.

तक्त्याचं काय करायचं? पानांच्या रकान्यात सगळ्यांनी इमानदारीनं शून्य लिहिलं, कारण काडीची पानं आधीच खुडून टाकतात. उंचीवरून जुंपली. एक गट म्हणे सांध्यापर्यंतच आपलं झाड, वरचं काकांचं. दुसरा गट शेंड्यापर्यंत मोजत होता. तेवढ्यात एकीनं वयाचा मुद्दा काढला: काडी ज्या झाडाची ते तिच्या पणज्यानं लावलेलं, मग हे रोप पंधरा दिवसांचं की पणज्याच्या वेळचं? बाजूचा म्हणाला, खालून पंधरा दिवसांचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं १९९२ मध्ये ‘सिंधू’ नावाचा आंबा काढला, त्याची कोय अगदी पातळ, नावापुरती. तो या वर्गाला कळू न देण्याची मी आजवर काळजी घेतली आहे.

सत्र परीक्षेत प्रश्न आला: आंब्याच्या झाडाचे जीवनचक्र आकृती काढून दाखवा. गुण पाच. काकांच्या पुतण्यानं सुबक गोल सुरू केला होता. कोय, रोप, मान कापणे, कलम, मोहर, फवारणी, आंबा, पेटी. पेटीनंतरचा बाण मात्र कोयीकडे वळलाच नव्हता. तो सरळ पानाच्या कडेबाहेर गेला होता आणि टोकाशी लिहिलं होतं, ‘वाशी मार्केट’. खाली बारीक अक्षरात खुलासा: ‘कोय मुंबईक रवता.’

उत्तरसूचीत वाशी नव्हती. मी पाचपैकी पाच दिले आणि पेपर कुणी फेरतपासायला घेतलाच तर असावं म्हणून शेजारी लाल पेननं लिहिलं, ‘परिसराशी जोड उत्तम’.