हाँगकाँग क्रॅडॉकने विकलं नाही

हाँगकाँगचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सारांश असा: ९९ वर्षांचा भाडेपट्टा फक्त उत्तरेकडच्या न्यू टेरिटरीज या भागाचा होता, हाँगकाँग बेट आणि कौलून ब्रिटनचेच होते, पण पर्सी क्रॅडॉक या चीनधार्जिण्या ब्रिटिश मुत्सद्द्याने पंतप्रधान थॅचरबाईंना घाबरवून सगळंच चीनच्या पदरात टाकलं. यातला पट्ट्याचा भाग खरा आहे, म्हणून पुढचंही लोकांना खरं वाटतं. ते खरं नाही.

आधी मालकीचं बघू. बेट १८४२ साली आणि कौलूनचं टोक १८६० साली कायमचं मिळालं, न्यू टेरिटरीज १८९८ मध्ये पट्ट्याने. कागदावर वादच नाही. पण नकाशा उघडा आणि कौलूनमधली बाउंडरी स्ट्रीट शोधा. तिच्या दक्षिणेची जमीन ‘कायमची’, उत्तरेची पट्ट्याची. ती रेषा ओलांडून शहर केव्हाच पुढे गेलं होतं. तेव्हाचा काई टाक विमानतळ उत्तरेला, क्वाई चुंगचं कंटेनर बंदरही तिकडेच. सुमारे ९२ टक्के जमीन पट्ट्याची. पाणी १९६५ पासून चीनच्या डोंगजियांग नदीचं, विकत घेतलेलं. उरलेलं आठ टक्के राखायचं म्हणजे भरवस्तीतल्या रस्त्यावर सीमेचं कुंपण घालायचं, आणि नळाची चावी कुंपणापलीकडच्याच्या हातात. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा लिस्बनकडेही साडेचारशे वर्षांच्या ताब्याचे दाखले होते. दोन दिवसांत काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

थॅचरबाईंना क्रॅडॉकने घाबरवलं म्हणतात. सप्टेंबर १९८२ मध्ये त्या बीजिंगला गेल्या तेव्हा अर्जेंटिनाशी लढून फॉकलंड जिंकल्याला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि जुने करार वैध आहेत हे त्यांनी चीनचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांना तोंडावर सांगितलं. डेंग यांचं उत्तर होतं की मनात आणलं तर हाँगकाँग आज दुपारीच घेता येईल. घाबरवायचं काम तिथे झालं, क्रॅडॉकच्या टिपणात नव्हे. पुढे बोलणी अडली आणि २४ सप्टेंबर १९८३ ला हाँगकाँग डॉलर घसरून एका अमेरिकी डॉलरला ९.६० वर गेला. लोकांनी दुकानांतून तांदूळ उचलून फळ्या रिकाम्या केल्या. १७ ऑक्टोबरला चलन ७.८० वर बांधलं तेव्हा कुठे घसरण थांबली. हातात किती पत्ते आहेत हे लंडनला बाजाराने सांगितलं.

क्रॅडॉकचं खरं काम मार्च १९८३ चं. त्यांच्या सल्ल्याने थॅचरबाईंनी चीनचे पंतप्रधान झाओ झियांग यांना पत्र लिहिलं: हाँगकाँगच्या लोकांना पटेल अशी व्यवस्था ठरली, तर सार्वभौमत्व सोडण्याची शिफारस पार्लमेंटकडे करायला मी तयार असेन. त्या ‘तर’वर बोलणी सुरू झाली. डिसेंबर १९८४ च्या ब्रिटन-चीन संयुक्त जाहीरनाम्यात स्वतंत्र न्यायव्यवस्था, स्वतंत्र चलन आणि ५० वर्षं जीवनपद्धती न बदलण्याची हमी लेखी आली. पट्टा नुसता संपू दिला असता तर यातलं एक अक्षरही मिळालं नसतं.

‘चीनधार्जिणा’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त बोचतो. २२ ऑगस्ट १९६७ च्या रात्री माओच्या तरुण अनुयायांच्या, म्हणजे रेड गार्ड्सच्या, जमावाने बीजिंगमधली ब्रिटिश कचेरी पेटवली. क्रॅडॉक तिथे नोकरीला होते. जळत्या इमारतीतून बाहेर पडलेल्यांना जमावाने मारलं, माओच्या नावाने जयघोष करायला फर्मावलं. क्रॅडॉकनी तो केला नाही. चीनची सत्ता कशी वागते हे ज्याने स्वतःच्या अंगावर झेललं, त्याला भोळा म्हणू नये.

बीजिंगने हाँगकाँगवर लादलेला २०२० चा सुरक्षा कायदा आला तेव्हा जाहीरनामाच फसवा होता असं नव्याने सांगितलं गेलं. वचन मोडलं बीजिंगने. त्याचा दोष वचन लिहून घेणाऱ्यावर का? त्याच जाहीरनाम्याच्या आधारे लंडनला उघडपणे करारभंग म्हणता आलं आणि २०२१ पासून हाँगकाँगकरांना ब्रिटनमध्ये वसण्याची वाट खुली करता आली. क्रॅडॉक हे बघायला नव्हते, ते २०१० मध्ये गेले. निवृत्तीनंतर त्यांनी हाँगकाँगचे गव्हर्नर पॅटन यांच्या निवडणूक सुधारणांना, चीन त्या टिकू देणार नाही असं सांगत, कडाडून विरोध केला, आणि तिथे माझं मत पॅटन यांच्या बाजूचं आहे. मात्र १९९५ मध्ये निवडून आलेलं विधिमंडळ हस्तांतराच्या दिवशी, १ जुलै १९९७ लाच, विसर्जित झालं, म्हणजे क्रॅडॉकचा अंदाज चुकला नव्हता.

क्रॅडॉकवर आरोप ठेवायचाच असेल तर तो वेगळा आहे. पन्नास लाखांवर माणसांचं भवितव्य दोन सरकारांनी बंद खोलीत ठरवलं आणि त्या माणसांना टेबलाशी जागा दिली नाही. चीनला तिसरा पक्ष नको होता. क्रॅडॉकनी ती अट धरून वाटाघाटी पुढे नेल्या. जुलै १९८३ मध्ये गव्हर्नर एडवर्ड यूड बोलणीला निघाले तेव्हा पत्रकारांनी विचारलं, तुम्ही कोणाचे प्रतिनिधी? हाँगकाँगच्या लोकांचा, असं ते म्हणाले. लगेच बीजिंगहून खुलासा आला की यूड फक्त ब्रिटिश शिष्टमंडळाचे सदस्य आहेत. ते बोलणीला बसले ते त्याच ओळखीने.