अमावास्या, पौर्णिमा आणि बबल रॅप

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी 'लाकूडकाम' म्हणतो आणि विषय पावसाकडं नेतो. बेळगावात पावसाचा विषय बाराही महिने चालतो, त्यामुळं आजवर निभावलं. खरं सांगायचं तर मी चेटकिणींना माल पुरवतो.

दचकू नका. या चेटकिणी पुण्यात कोथरूडला आणि बेंगळुरात इंदिरानगरला राहतात, आयटीत नोकरी करतात, फ्लॅटचे हप्ते वेळेवर भरतात. ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपातली माणसं सूर्य, चंद्र, झाडं, ऋतू यांना भजत असत. ते आता आपापल्या परीनं पुन्हा करू पाहणाऱ्यांना पेगन म्हणतात. त्यातला एक पंथ विक्का. तो लोकांपुढं आणला जेराल्ड गार्डनर नावाच्या इंग्रजानं. 1951 साली इंग्लंडातला चेटकाविरुद्धचा जुना कायदा रद्द झाला, त्यानंतर हा गृहस्थ उघड बोलायला लागला. आणि हा होता कोण, तर मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला साहेब! हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. आम्ही नाक्यांच्या आसपास वाढलेली माणसं. जकातीतल्या माणसानं पंथ काढला म्हणजे सामानाची यादी असणारच. आहेच. काळ्या मुठीचा दुधारी सुरा, छडी, पेला, चांदणी कोरलेली तबकडी. या यादीवर माझं पोट चालतं. सुरा मी लाकडाचाच करतो. खऱ्या सुऱ्याचं पार्सल कुरिअरवाला घेत नाही, आणि घेतलं तर आधी माझ्याकडं बघतो.

पूर्वी मी उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्न करायचो. पॅटर्न म्हणजे ओतायच्या भागाचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि साच्यात रस ओतायचा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना शंभराला एक अशा हिशेबानं मोठा ठेवावा लागतो. असल्या कामात उमेद गेलेल्या माणसाचा हात वाकडा जायचं विसरलेला असतो. पुढं पॅटर्न कॉम्प्युटरवर व्हायला लागले, माझ्याकडं काम येईना, तेव्हा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, पाच टोकांच्या लाकडी चांदण्या करून द्या की. मी विकतो."

केल्या. पाचही टोकं बरोब्बर 36 अंशांची, कडा काचेसारख्या. लगेच तक्रार आली. हे मशीनवर केलेलं वाटतं, हँडमेड फील येत नाही. मी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. उद्यमबागेत माझ्या कामात अर्ध्या सुताचा फरक निघाला असता तर फोरमननं माझ्या बापापासून सुरुवात केली असती. इथं फरक नाही म्हणून पैसे परत मागतात! तेव्हापासून मी चांदणी आधी नीट करतो आणि मग बसून ती बिघडवतो. पटाशीनं कडेचे टवके काढायचे, कानशीनं एखादं टोक बोथट करायचं, मधेच एक गाठ उघडी ठेवायची. सरळ करायला गुण्या असतो. वाकडं करायला कसलंच माप नाही. थोडं वाकडं झालं तर 'ऑथेंटिक', जास्त झालं तर 'डिफेक्टिव्ह', आणि या दोन्हींमधली रेघ गिऱ्हाईकच आखतं, तीही माल पोचल्यावर. बिघडवायला करण्यापेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून बिघडवलेल्याचा दर चढा लावलाय. तक्रार एकही नाही.

लाकडाचीही तऱ्हा आहे. छडी ओकची हवी, हेझलची हवी, रोवनची हवी. खानापूरच्या जंगलात साग, शिसव, किंजळ आहे, आणि सागाची फांदी हातात घेतली तर पंथाआधी फॉरेस्टवाले भेटतात. मी वखारीतनं फणसाचे, जांभळाचे तुकडे आणतो. विलो मागणाऱ्यांचं मात्र खरंच भागतं. विलोच्या जातकुळीतलाच आपला वाळुंज मेव्हण्याच्या ओढ्याकाठी उभा आहे. त्याला वाटतं मी बुट्ट्या विणायला लागलोय. तेवढीच त्याच्या मनात माझी किंमत राहिलीय, ती राहू दे.

आता शेजार. घराच्या पुढच्या खोलीत मी काम करतो. दाराशी चांदण्या वाळत असतात, भिंतीला काळ्या कापडाच्या बाहुल्या टांगलेल्या, स्टोव्हवर मेण वितळत असतं. गल्लीत बातमी फिरायला एवढं पुष्कळ झालं. शेजारच्या अक्कांनी आईला गाठलं. "तुमचा पोरगा काय करूलालाय ओ? करणीबिरणी?" त्याच अक्कांच्या लेकाच्या टेंपोला पुढं काळी बाहुली, मागं जुनी चप्पल आणि खाली लिंबू-मिरची आहे. घराचं बांधकाम चाललं होतं तेव्हा मिशीवाल्या राक्षसाचं तोंड वर्षभर रस्त्याकडं बघत होतं. बोअर मारायच्या आधी तळहातावर नारळ घेऊन चालणारा माणूस त्यांनीच बोलावला होता. पण तो 'आपला रिवाज'. माझ्या चांदणीला पाच टोकं का, याचा तेवढा त्यांना धसका.

लिंबू-मिरचीवरून सांगतो, या धंद्यातला माझा खरा आदर्श शनिवारी येणारा लिंबू-मिरचीवाला आहे. सकाळी सायकलवरून येतो, प्रत्येक दुकानाचं जुनं सोडतो, नवं बांधतो. लिंबू, मिरच्या, बिब्बा, दोरा. फोटो नाही, कॅप्शन नाही, पॅकिंग नाही, रिटर्न नाही. माल आठवड्यात वाळतोच, म्हणजे पुढची ऑर्डर आपोआप. गुण आला नाही म्हणून आजवर कुणी पैसे मागितलेले नाहीत, कारण बांधलंच नसतं तर काय झालं असतं ते कुणाला ठाऊक? मी त्याला एकदा चहा पाजून धंद्याचं गुपित विचारलं. म्हणाला, "शनवार चुकवायचा नाही बघा."

हळूहळू लोक भीती सोडून यायला लागले, आणि ते जास्त वाईट झालं. कुणाच्या लेकाचं जमेना, कुणाची म्हैस आटली, कुणाची भाऊबंदकीची केस वर्षानुवर्षं तारखांवर. "बघा की ओ काहीतरी." मी सांगायचो, मी कारागीर, देवरुषी नव्हे. ते मान हलवायचे. खरा देवरुषी कधी कबूल करतो काय! आधीच कायद्याची धास्ती. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, कर्नाटकाचा 2017 चा. दोन्ही राज्यांचं एकमत झालेला विषय शोधून काढला आणि त्याच्या बरोबर मधे मी चांदण्या वाळत घातल्या. शेवटी पाटी लावायची ठरवली: 'इथे वस्तू मिळतात, उपाय मिळत नाहीत.' पेंटर म्हणाला, पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे, तेही वरच्या बाजूला. 2024 पासून तसा कायदाच आहे. लिहिलं ठळक कन्नडमध्ये. आत्तापर्यंत ज्यांना माझा पत्ता नव्हता ती गोकाक-रामदुर्गकडची मंडळीही त्यानंतर यायला लागली. पाटीतलं 'नाहीत' कुणीच मनावर घेत नाही.

सणांचं वेळापत्रक हा वेगळा ताप. पेगनांचे वर्षाला मुख्य सण आठ. आईला सांगितलं तर तिला त्यांची कीव आली. "आठच? मग बाकीचे दिवस काय करतात?" त्यातला मोठा सण साविन, 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होऊन 1 नोव्हेंबरला संपणारा. मूळ आयर्लंडकडचा, पितरांचा, अंधाराचा. त्याला काळ्या मेणबत्त्या लागतात. बेळगावात 1 नोव्हेंबरला काय असतं हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या पोटात इथंच गोळा आला असेल. 1956 पासून त्या दिवशी एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्रात जायचं राहून गेलेल्या मराठी माणसांचा काळा दिन. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे, संभाजी उद्यानाकडं काळे सदरे, मधे पोलिसांच्या गाड्या. आणि आदल्या संध्याकाळी मी रिक्षात काळ्या मेणबत्त्यांचं खोकं मांडीवर घेऊन कुरिअरकडं निघालेला.

बॅरिकेडपाशी हवालदारानं रिक्षा थांबवली. खोकं उघडायला लावलं.

"एन ऐती इदु?"

"मेणबत्ती री."

एक उचलून उजेडात धरली. "करी याक?"

काळी का, याचं खरं उत्तर देणं भाग होतं. आयर्लंडचा सण आहे साहेब, पितरांचा. आपल्या महालयासारखाच. ते विचारात पडले. मग पत्ता वाचला: बेंगळुरू. त्यांचा चेहरा सैल झाला; काळा माल राजधानीला चाललाय म्हणजे इथं कुणी मिरवणार नाही. आयर्लंडातही सीमाप्रश्न आहे, हे मी तिथं बोललो नाही. रिक्षावाला मात्र माझ्याकडं आदरानं बघत होता. उतरताना हळूच म्हणाला, "उद्याच्या फेरीला दोन डझन मिळतील काय?"

पावसाळ्यात तर माझा धंदा आणि निसर्ग यांचं अजिबात पटत नाही. गिऱ्हाइकांना सगळं पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेलं हवं. चोवीस रून्सचा संच म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या लिपीची चोवीस अक्षरं लाकडी टिकल्यांवर डागलेली. तो रात्रभर चंद्राखाली ठेवून मगच पाठवायचा. ठीक आहे. पण आषाढात बेळगावला चंद्र? जूनच्या मध्यावर जे आभाळ मिटतं ते गणपतीच्या तोंडाला उघडतं. गच्चीवर टिकल्या ठेवल्या तर चांदण्याऐवजी बुरशी चढते. मी भाचीला म्हटलं, लिहून टाक की चंद्र उपलब्ध नाही. तिचं म्हणणं, असं लिहिलं तर ऑर्डर जातात. आईनं निकाल दिला. "ढगाच्या मागं असतोयच की तो. जातोय कुठं? ठेव खिडकीत." तेव्हापासून खिडकीत ठेवतो, वर शंभराचा बल्ब लावून, बुरशीसाठी. बल्बचं मात्र कुणाला सांगत नाही.

त्यात मेलबर्नची एक बाई. मूळची कोकणातली. तिकडं ऋतू उलटे, म्हणून आपल्याकडं डिसेंबरात येणारा यूल नावाचा सण ती जूनमध्ये करते. थंडीचा, सूर्य परत येण्याचा सण. बाहेर धो धो पाऊस, मी ओल्या भिंतीकडं तोंड करून तिच्यासाठी पिवळे सूर्य रंगवतोय, आणि ते सुकत नाहीत.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला भाची इथं होती. आई पहाटे दारात शेणाचे पांडव घालत होती. पाच गोळे, त्यांच्यावर झेंडूची फुलं. भाचीनं फोटो टाकला आणि दुपारपर्यंत चौकशा: हे विकायला आहेत का, वास येतो का, किती टिकतात. आई भडकली. "आता शेण विकून खायचं काय रे?" मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय दर द्यायला तयार हाईत?" दर ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. पण पांडव विकले नाहीत. त्याऐवजी तिनं शेणाच्या पणत्या करून दिल्या, आणि अक्कांनाही कामाला लावलं. करणीचं आता कुणी बोलत नाही. रोजचा हिशेब रोज मागतात.

आणि आता जोकमार. भाद्रपदात कन्नड बायका बुट्टीत मातीचा जोकमार घेऊन दारोदार फिरतात. कडुलिंबाच्या पाल्यात बसवलेला, तोंडाला लोणी फासलेलं. गोष्ट अशी की गणपती येतो, गोडधोड खातो आणि वर जाऊन सांगतो की सगळं उत्तम आहे. जोकमार मात्र शेतशिवार हिंडतो, लोकांचे खरे हाल बघतो आणि ते जाऊन सांगतो, मग पाऊस पडतो. सुफलतेचा देव असल्यानं त्याचा एक अवयव कुंभार जरा मोकळ्या हातानं घडवतो. भाचीनं त्याबद्दल विचारलं तर आईनं "पाला नीट झाक" एवढंच उत्तर दिलं.

मेलबर्नच्या बाईंनी त्याचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, इतका अस्सल पेगन देव मी जन्मात पाहिला नाही, पाठवा. खानापूरकडचा एक कुंभार करून द्यायला तयार आहे, बबल रॅप मी घेऊन ठेवलाय. अडचण आईनं काढली. जोकमार अष्टमीला जन्मतो आणि पौर्णिमेला मरतो. त्याचं आयुष्यच सात दिवसांचं, आणि कुरिअरवाला म्हणतो मेलबर्नला निदान दहा लागतील. भाची आता एक्सप्रेसचा दर विचारतेय.