गतिरोधक उखडू नका, नीट बांधायला लावा

'गतिरोधकांमुळे देशात रोज नऊ माणसं मरतात, वेग काही कमी होत नाही, उलट रुग्णवाहिका अडकते. गल्लीतले सगळे गतिरोधक उखडून टाका.' हा मजकूर सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जोरात फिरतो आहे. त्यावर विसंबून कुणी वॉर्ड ऑफिसात अर्ज देण्याआधी हे वाचावं.

नऊचा आकडा हवेतला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2015 सालासाठी गतिरोधकांवरचे 3,409 मृत्यू नोंदलेले आहेत. पण हा हिशेब सगळ्या रस्त्यांचा आहे, महामार्गांसकट. अंधारात, भरधाव दुचाकीसमोर न रंगवलेला उंचवटा आला तर जीव जाणारच. म्हणूनच राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायचे आदेश 2016 मध्ये निघाले. त्यावरून शाळेच्या गल्लीतला गतिरोधक काढा, हे कुठलं तर्कशास्त्र? शिवाय वाचलेल्या जिवांची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही. अमेरिकेत ओकलंड शहरातल्या जखमी मुलांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. घराजवळ गतिरोधक असलेल्या मुलांना परिसरात गाडीची धडक बसण्याची शक्यता निम्म्याहून कमी आढळली.

'वेग कमी होत नाही' हे कुठल्या गतिरोधकाबद्दल म्हणता, त्यावर सगळं अवलंबून आहे. सोसायटीने उरलेल्या सिमेंटचा घातलेला वीतभर रुंदीचा वरंबा घ्या. त्यावरून हळू गेलं की कंबरेत कळ येते, पण जोरात गेलं तर धक्का बराचसा स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर खातात. म्हणजे बेफाम चालवणारा सुटतो आणि जपून चालवणारा सोसतो. रस्तेबांधणीचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा नमुना वेगळा आहे: 3.7 मीटर रुंद, मधोमध फक्त 10 सेंटीमीटर उंच. ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेत 1973 च्या सुमारास चाचण्या घेऊन हा गोलसर आकार ठरला. एवढ्या रुंदीवर अख्खी गाडी चढते आणि उतरते, त्यामुळे वेग वाढेल तसा हिसका वाढतो. ताशी 25 किलोमीटरने अलगद पार होतो, पन्नासने गेलात तर सीटवरून उडता. आणि पन्नासच्या गाडीची ऊर्जा तिसाच्या गाडीच्या पावणेतीनपट असते. ती पोराच्या अंगावर येते.

पुढे गेल्यावर पुन्हा पळवतात, हे खरं. पण तो एकच गतिरोधक टाकल्याचा परिणाम. 100 ते 120 मीटरवर दुसरा असला की पळवायला जागाच उरत नाही.

रुग्णवाहिकेची काळजी रास्त आहे. नीट बांधलेल्या एका गतिरोधकावर तिचे काही सेकंद जातात. गल्लीत असे दोन-तीन, तेही मुख्य रस्ता सोडल्यावर. तिची मिनिटं जातात ती दुतर्फा लावलेल्या गाड्यांमुळे, आणि त्याबद्दल या मजकुरात अवाक्षर नाही.

पेट्रोल थोडं जास्त जळतं, मान्य.

अर्ज जरूर द्या, पण मागा हे: वरंबे काढून नमुन्यानुसार बांधणी, काळे-पांढरे पट्टे, 40 मीटर आधी फलक आणि कडेला पाणी जायला वाट.