'ओझं पोराचं' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार, 'स्पष्टवक्ता'.

'नाताळवरून बाळाची नावं' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "ताई, जरा अभ्यास वाढवा. कॅरल हे नाव गाण्यावरून आलेलं नाही. ज्ञानी पुरुषांची नावं बायबलमध्ये नाहीत. इम्मानुएल हे नाव ज्यांच्या श्रद्धेचं आहे त्यांचा विचार न करता 'ऐकायला गोड' म्हणून सुचवू नये. आणि सण दोन दिवसांचा, नाव जन्माचं. हौस आईबापांची, ओझं पोराचं."

कॅरलचं कबूल. ते नाव कार्ल, चार्ल्स या घराण्यातलं. रोमानियाच्या गादीवर तर कॅरोल नावाचे दोन राजे होऊन गेले. नाताळच्या गाण्याचं कॅरल आलं जुन्या फ्रेंचमधल्या फेर धरून करायच्या नाचावरून. दोन्ही शब्द दिसायला सारखे, मी फसले. पण हे सांगायला "कॅरलचं एकदा तपासा" एवढं पुरलं असतं. समोरच्याने किती अभ्यास केलाय हे बघायचंच नसलं की 'अभ्यास वाढवा' म्हणतात, असा माझा अनुभव आहे. आणि आधी 'ताई' लावल्याने ते काही आदराचं होत नाही. वाकून नमस्कार करायचा आणि उठता उठता चिमटा काढायचा, यातलं ते.

आता 'ओझं'.

माझ्या मुलाचं नाव नोएल, म्हणजे फ्रेंचमध्ये नाताळ. जन्म जुलैचा. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते.

हे नाव ठरायला पाच आठवडे लागले. जन्मनोंदणीच्या अर्जावर नावाची चौकट रिकामी, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली अकरा नावं. नवऱ्याची कसोटी एकच: रागावून हाक मारता आली पाहिजे. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं आणि हा दारात उभा राहून दबक्या आवाजात ओरडायचा, "बाल्थाझार, बूट बाहेर काढ!" "निकोलस, दिवा बंद कर!" बाल्थाझार, म्हणजे परंपरेने त्या ज्ञानी पुरुषांपैकी एकाचं नाव, तिथेच बाद झाला. हाक पुरी होईपर्यंत पोरगं जिना उतरून गेलं असतं. "नोएल, दार लाव" मात्र एका दमात निघालं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. नोएलखाली दोन रेघा आहेत, आणि दुसरी इतकी दाबून मारलीय की तिथे कागद फाटलाय. ही तुम्हांला दोन दिवसांची हौस वाटते?

राहिला जुलै. नोएल हा शब्द लॅटिन 'नातालिस'वरून आला. म्हणजे जन्माचा, जन्मासंबंधीचा. त्यावरूनच पोर्तुगीज 'नाताल' आणि तिथून आपला 'नाताळ'. नताली, नताशा याच घरातल्या. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यालगत होता, त्याला त्याने नाताल म्हटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल प्रांताच्या नावात ते अजून आहे, बाराही महिने. त्याहून मागे गेलात तर 'नातालिस' आणि आपला 'जन्म' एकाच मुळाचे निघतात. तेव्हा जुलैतल्या बाळाला नोएल म्हणणं चूक असेल, तर त्याने जुलैत जन्माला येणंच चूक होतं. (एवढा अभ्यास पुरे, की वाढवू अजून?)

ओझं कशाला म्हणतात ते मला विचारा. शाळेत माझ्या वर्गात माझ्या नावाच्या चौघी होत्या. चार वर्षं मी 'तिसरी' होते. बाई हजेरी घेताना तर्जनीने बाक मोजायच्या आणि मग मला 'हजर' म्हणायचं. त्या नावात ना सण होता ना हौस, सगळ्यांनी ठेवलं म्हणून ठेवलेलं. तेव्हा नावाचा भार या विषयावर मला परक्याकडून शिकवणी नको.

नोएल आता अकरा वर्षांचा आहे. नावावरून कधी कुरकुर नाही. वहीवर तो नुसतं 'नो' लिहितो, पण तो आळस. मित्र 'नोनो' म्हणतात, तेही प्रेमानेच. मध्यंतरी मोठेपणी नाव बदलता येतं का असं त्याने विचारलं होतं खरं, पण त्या महिन्यात तो आडनाव, शाळा आणि बहीण बदलता येते का हेही विचारत होता.

बाकीचं थोडक्यात. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांची नावं नाहीत, ते तीन होते असंही म्हटलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. लेख नावांचा होता, शुभवर्तमानाचा नव्हे. इम्मानुएलचा 'देव आमच्याबरोबर' हा अर्थ मी दिला होता. कोणी तो कसा घ्यावा हे मी सांगणार नाही. तो विषय मोठा आहे, आज नको.

नवल एकाच गोष्टीचं वाटलं. लेखातल्या यादीत रुडॉल्फही होता. नाव जुनं जर्मन, त्यात लांडगा दडलेला. पण सांताक्लॉजची गाडी ओढणारा तो लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ १९३९ साली एका अमेरिकी दुकानसाखळीने मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी जन्माला घातला. हौसेवर बोट ठेवायचंच होतं तर तिथे ठेवायचंत, मी निमूट ऐकून घेतलं असतं. नेमकं तेच तुमच्या नजरेतून सुटलं.

कॅरलची ओळ आज सकाळी बदलली आहे. दुरुस्तीखाली तुमचे आभार नावानिशी मानणार होते. पण आयुष्यभर टिकणाऱ्या नावांबद्दल एवढं लिहिताना तुम्ही स्वतःचं नाव दिलेलंच नाही.