‘लाकडी घर पाडा, स्लॅब घाला’ म्हणणाऱ्यांना

गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: आजोबांच्या लाकडी घरावर खर्च म्हणजे पैसा पाण्यात. वाळवी खाणार, कौलं गळणार, वादळात छप्पर उडणार, आत धड बाथरूमही होणार नाही, एसीचा गारवाही टिकणार नाही. त्यापेक्षा पाडा आणि स्लॅब घाला.

वाळवी लागते, खरंय. पण ती बहुधा जमिनीतून, ओलीच्या वाटेनं चढते. जुन्या सुतारांना हे ठाऊक होतं, म्हणून तर खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा असतो. घात होतो तो नंतरच्या ‘सुधारणे’त. सारवलेल्या जमिनीवर फरशी बसते, जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा होतो. कोंडलेली ओल मग भिंतीत चढते, खांबाच्या बुडाशी मुरते, आणि बोल लागतो लाकडाला. गिलावा चुन्याचा करा, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब न्या, खांबाचा कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्या. एवढ्यासाठी अख्खं घर कशाला पाडायचं?

स्लॅब गळत नाही म्हणे! मग कोकणात जिथं तिथं स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड का दिसते? खाऱ्या हवेतले क्लोराइड सळईला गंजवतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. म्हणून आयएस ४५६ हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीला किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगतं. घमेल्यानं मोजून माल कालवणाऱ्या ठेकेदाराला हे विचारून बघा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली. पत्रेही उडाले. कडेच्या ओळी तारेनं बांधणं आणि वासे लोखंडी पट्टीनं जखडणं, हा त्यावरचा उपाय.

बाथरूम मागच्या पडवीला लागून, वेगळ्या जोत्यावर काढा. नळ गळला तरी लाकूड कोरडं राहतं. वायरिंग तुळईच्या कडेनं, पाइपातून न्या. एसीबाबत मात्र मेसेज बरोबर आहे: कौलांखाली गारवा टिकत नाही. हवाच असेल तर एका खोलीला फळ्यांचं छत करून घ्या.

राहिला खर्च. मेसेजमध्ये पाडलेल्या लाकडाच्या किमतीचा उल्लेखच नाही. जुना साग, फणस उचलायला दलाल दारात येतात ते उगीच नाही. पाडायचं ठरवण्याआधी तुमच्या खांब-तुळयांइतकं नवं लाकूड आज केवढ्याला पडेल, ते वखारीत विचारून या.