माझ्या घोडीला रग घालणारे तुम्ही कोण?

रग म्हणजे घोड्याच्या अंगावर बांधायचं पांघरूण. आणि हा तर आत चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरण असलेला, कडक हिवाळ्याचा! ठाण्यात! तोही दुसऱ्याच्या घोड्याचा, मला न विचारता, माझ्या घोडीच्या अंगावर!

घरी येऊन दोन तास झाले, आंघोळ झाली, चहा झाला, तरी डोकं थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलेय. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांना काही समजावून सांगायची गरज नाही. ज्यांच्याकडे नाही ते सुखी आहेत, तसेच राहोत.

तर आमच्या तबेल्यात एक उत्साही गृहस्थ आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांनी रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड घेतला. सोळा हँड उंच (एक हँड म्हणजे चार इंच), देखणं जनावर. माणूस दुष्ट नाही, हे आधीच सांगते, कारण दुष्ट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. पण इंग्लंडमधल्या बायकांचे तबेल्यातले व्हिडिओ बघून बघून यांच्या डोक्यात यॉर्कशरचा हिवाळा बसलाय. काल रात्री फोनवर ठाण्याचं तापमान १६ दिसलं आणि हे साडेदहाला तबेल्यात हजर. स्वतःच्या घोड्याला नवा रग घातला. घाला बाबा, तुमचा घोडा. मग जुना रग हातात राहिला. शेजारच्या खणात कोण? माझी चिमणी.

चिमणी काठियावाडी जातीची. साडेचौदा हँडही जेमतेम भरेल. छातीच्या मधल्या हाडापासून मागच्या मांडीच्या टोकापर्यंत टेप लावला की ५ फूट ९ इंच. हा रग ६ फूट ६ चा! गळा खांद्याच्या मागे सरकलेला, सगळं वजन पाठीच्या उंच हाडावर, मागच्या पायांचे पट्टे लोंबतायत, पोटाखालचे पट्टे इतके सैल की बसून उठताना पाय अडकला असता तर मी आज इथे लिहीत नसते, डॉक्टरांना फोन करत बसले असते. आणि या अवस्थेतल्या तिचा फोटो ग्रुपवर! खाली मजकूर : ‘थंडीने कुडकुडत होती बिचारी.’ त्याखाली बदामांची रांग. कोणीतरी हात जोडले होते. ‘ताई, निश्चिंत झोपा, आम्ही आहोत.’

मी निश्चिंतच झोपले होते हो. फोटो सकाळी पाहिला. पाहिल्या पाहिल्या निघाले तर पातलीपाड्याला गाड्या जागच्या जागी. घोडबंदर रोडबद्दल मी काही बोलणार नाही, बोलायला लागले तर घोडी राहील बाजूला. पोहोचेपर्यंत साडेनऊ. ऊन थेट खणात आलेलं, बाहेर २७-२८ तरी असेल, आणि ही अजून त्याच रगमध्ये उभी. मानेवर फेस. रगच्या कडेने घाम टपकतोय. थर्मामीटर लावला, ३८.८, म्हणजे नेहमीपेक्षा जास्तच. श्वास मोजायचीही गरज नव्हती, नाकपुड्या दिसत होत्या.

घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसला विचारलं, रग काढला का नाहीस? तर म्हणाला, “साहेब बोलले, मॅडमला विचारून काढ.”

घालताना मॅडमला विचारायचं नाही. काढताना मात्र मॅडमला विचारायचं! माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. रग घालणं म्हणजे प्रेम, त्याचा फोटो निघतो. सकाळी सातला येऊन रग काढणं म्हणजे नुसतं काम, त्याचा फोटो कोण काढणार? हे वर्षानुवर्षं असंच चाललंय. रात्री घालायला दहा हात, सकाळी काढायला एक नाही.

आणि कुडकुडत होती म्हणे! व्हिडिओही टाकला होता पुरावा म्हणून. नीट बघा ना तो. खांद्यावरची आणि बगलेवरची कातडी थरथरतेय, बाकी सगळं अंग स्थिर. माशी उडवतेय ती! घोड्याला कातडीखाली त्यासाठी वेगळा स्नायू दिलाय देवाने. खरी थंडी वाजलेला घोडा सबंध हलतो, शेपूट दाबून, वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो. ही एक पाय सैल सोडून आरामात उभी आहे व्हिडिओत. झोपायला आली होती बिचारी. (घ्या, ‘बिचारी’ मीपण म्हणाले. या शब्दाची मला चीड आहे. जनावराला बिचारं म्हटलं की माणसाला त्याच्याशी वाट्टेल ते करायची मोकळीक मिळते.)

मग दुसरा पुरावा : “ताई, कान गार लागत होते.” अहो, काठियावाडी घोडीचे कान! टोकं एकमेकांना टेकणारे, पातळ, उभे. ते रात्री गार लागणारच. हात घालायचा तो पाठीच्या उंच हाडामागे, नाहीतर पुढच्या दोन पायांच्या मधे. तिथे कोमट, कोरडं लागलं की विषय संपला. पण तिथे हात घालायला वाकावं लागतं, कान काय, उभ्या उभ्या हाताशी येतात.

निरोगी, कोरड्या, वाऱ्यात न ठेवलेल्या मोठ्या घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांत अंग गरम ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. त्यातलं १६ कुठे बसतं ते चौथीतलं पोर सांगेल. बरं, गरम देशातली जात, केस पातळ, म्हणून खालचा आकडा थोडा वर धरा. धरला. तरी १६ आतच येतं! हिचे भाईबंद राहतात तिकडे कच्छात नलियाला पारा एक आकडी होतो. सांताक्रूझचा नीचांक ७.४ आहे, २२ जानेवारी १९६२ चा. त्या रात्री घातला असतात तर मी स्वतः आभार मानले असते. शिवाय रात्रभर पुढ्यात सुकं गवत असलं की मोठ्या आतड्यात ते आंबत राहतं आणि आतून शेगडी चालू राहते. मी सईसला रोज सांगते, थंडी वाटली तर एक पेंढी जास्त टाक. एक पेंढी! पण पेंढीचाही फोटो चांगला येत नाही.

तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या घोडीचं वेगळं. दात गेलेत, बरगड्या दिसतात, तिला पातळ रग हवाच, कोणी नाही म्हणत नाही. अंगाचे केस काढलेल्या घोड्याचंही वेगळं. इथे बोलतोय कोण त्यांच्याबद्दल?

आता हे सगळं भाषण मी सईसपुढे ज्या अवतारात केलं तेही सांगायला हवं. अंगात स्वेटर. स्वेटरवर नवऱ्याचं जर्किन. कान झाकून हनुवटीखाली गाठ मारलेला मफलर. सकाळी साडेनऊला, उन्हात. मी हात नाचवत सांगतेय, अरे ही काय थंडी आहे का, ही काय थंडी आहे! तो मला वरपासून खालपर्यंत बघत होता. म्हणाला काही नाही, फक्त “थंडी तर आहे ना मॅडम” एवढंच. मला हसू आलं आणि हसू आल्याचा आणखी राग आला. आम्हा ठाणेकरांचं असंच आहे. वीसच्या खाली गेलं की उपवन तलावाच्या फेऱ्यांना माकडटोप्या निघतात, पेपरात ‘गुलाबी थंडी’ छापून येते (हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याला मे महिन्यात दुपारी कळव्याला उभं करा), आणि ज्याला त्याला वाटतं की मला वाजते ती सगळ्यांनाच वाजते.

आणि मी काही वैरागी नव्हे. रगची मला हौस आहे. माझ्याकडे फ्लीस आहे, नुसत्या कापडाचा शून्य ग्रॅमवाला आहे, एक १०० ग्रॅमचा आहे, गडद हिरवा, काठ पिवळा, चिमणीला असा शोभतो की नवरा म्हणतो मला एवढ्या किमतीचा कोट घेतला नाहीस कधी. आमच्या कपाटात खालचा अख्खा खण तिचा आहे. पण फ्लीस मी फेरफटक्यानंतर घाम टिपायला घालते आणि घाम टिपला की काढते. काढते! पुन्हा तेच आलं.

विकत घ्यायला जा, तिथे वेगळा मनस्ताप. हे रग शिवले जातात कुठे? आपल्याच देशात, कानपूरला. खोगीर, लगाम, रग, सगळं तिथून जगभर जातं. पण मापाचा तक्ता उघडला की त्यात शेटलंड, कॉब, वॉर्मब्लड, सगळे विलायती घोडे. मारवाडी नाही, काठियावाडी नाही, आपली भीमथडी तर नाहीच. कापडाच्या धाग्याची जाडी ६०० डेनियर की १२०० ते लिहितील, आत किती ग्रॅम भरलंय ते लिहितील, रंगाची चार नावं लिहितील, पण ज्या गावात पहाटे १६ आणि दुपारी ३२ असतं तिथे काय घालायचं, याबद्दल अक्षर नाही. कानपुरातून निघालेला माल इंग्लंडच्या चिखलासाठी, आणि आम्ही तो परत तिथल्या अकलेसकट अंगावर घेतो.

आमची अडचण थंडी नाहीच मुळी. आमची अडचण आहे पहाटे पाच ते सकाळी दहा. उत्तरेचे वारे आले की पारा रात्रीत खाली येतो, समुद्रावरचा वारा सुटायला दुपार होते आणि तोवर ऊन चढून बसतं. पाच तासांत दहा-बारा अंश. असा एक रग दाखवा जो दोन्हींना चालेल. नाही ना? मग जड घालण्यापेक्षा काही न घातलेलं बरं, एवढं साधं गणित आहे. उघड्या घोड्याला गार वाटलं तर तो केस फुलवतो, फिरतो, गवत खातो. रगखाली गरम झालं तर बिचा... तर त्याने काय करायचं? बक्कल उघडायचं दातांनी?

आणि या गृहस्थांना माझ्या घोडीच्या तब्येतीची एवढी काळजी, तर डिसेंबरात अवकाळी पाऊस आला तेव्हा कुठे होते? तेव्हा कोणीतरी खणात घालायचा रग घातलेले दोन घोडे अंगणात तसेच सोडले होते. खणातला रग पाणी अडवत नाही, पितो. ओला रग दिवसभर पाठीवर, वर आपल्याकडची दमट हवा. आठवड्याने खपल्या, केस झडले, मग औषधाचा खर्च आणि एकमेकांकडे बोटं. लग्नसराईत तर बोलायलाच नको. भर उन्हात वरातीच्या घोडीवर मखमल, वर जर, वर आरसे, वर नवरदेव, पुढे डीजे. तेव्हा कोणी ग्रुपवर टाकत नाही, ‘उकडत होतं तिला’ म्हणून. सगळ्यांना घोड्याची थंडीच दिसते, उकाडा कोणाला दिसत नाही.

नॉर्वेमध्ये लोकांनी चक्क घोड्यांनाच विचारलंय. २०१६ साली छापून आलंय ते. २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या : एक फळी म्हणजे रग घाला, एक म्हणजे काढा, कोरी म्हणजे आहे तसं असू द्या. घोड्याने जाऊन नाक लावायचं. सगळे शिकले! ऊन असलं की काढा म्हणाले, गार वाऱ्यापावसात घाला म्हणाले. नॉर्वेतल्या घोड्याला ‘काढा’ म्हणायची सोय आहे आणि घोडबंदर रोडवरच्या घोडीचा रग काढायला मॅडमची परवानगी लागते. मी ही लिंक ग्रुपवर टाकली. त्यावर एक अंगठा आला. गृहस्थांचा नव्हे, आमच्या घोड्यांच्या डॉक्टरांचा, जे कधीच काही बोलत नाहीत. तेवढंच समाधान.

चिमणीला ओल्या फडक्याने पुसून, सावलीत फिरवून, पाणी पाजून तासाभरात ती ताळ्यावर आली. खरारा केला तेव्हा खांद्यावर दोन ठिकाणी केस घासलेले दिसले. तिने काही मनाला लावून घेतलेलं नाही, मीच घेतलंय. खणाच्या दारावर पाटी लावली : ‘या घोडीला काहीही घालू नये.’ सईसने विचारलं, “लगाम?” त्याला हसायला जागा मिळाली, मला पाटी दुसऱ्यांदा लिहावी लागली.

आता राहिला तो रग. तो माझ्या गाडीच्या डिकीत आहे, कारण घामाने ओलाचिंब रग परत कसा देणार, आपले संस्कार आडवे येतात ना! ६ फूट ६ इंच, ३०० ग्रॅम, भिजलेला. माझ्या मशीनमध्ये तो जाणार नाही. लाँड्रीवाला मागच्या वेळी केस बघून म्हणाला होता, मॅडम, कुत्र्याचं घेतो, घोड्याचं नाही. गॅलरीत वाळत घातला की खालच्या मजल्यावरच्या काकू सेक्रेटरींकडे जातात आणि सेक्रेटरी मला नियम वाचून दाखवतात, ज्यात घोडा हा शब्द कुठेच नाही, हे मी त्यांना आधीही दाखवून दिलंय. म्हणजे गच्चीवर बादली, ब्रश आणि मी.

आत्ता, हे लिहीत असताना, गृहस्थांचा मेसेज आला. सॉरी नाही. रग सोमवारपर्यंत मिळेल का, म्हणून विचारतायत. पारा अजून दोन अंश उतरणार आहे आणि त्यांना एकावर एक असे दोन घालायचेत.